मधला तुकडा

"म्हणजे हैदराबादला जात नाहीस?" दाजीबुवांनी सुपारी कातरता कातरता विचारलं.

"नाही बुवा." हणमंत ताठ बसून म्हणाला. "अख्खी प्रयोगशाळा माझ्या हाती देतायत, पण नको. बाप गेला तेव्हा तुम्ही मला या मठात आणलंत, खाऊपिऊ घातलंत, शिकवलंत. आता म्हातारपणी तुम्हाला टाकून जाऊ? मी तसला शिष्य नाही."

शेवटचं वाक्य त्याचं त्यालाच फार आवडलं. कॉलेजातला सत्कार आटपून तो नव्या कोटातच थेट नदीकाठच्या मठात आला होता. आपला त्याग बुवांना कधी एकदा सांगतो, असं त्याला झालं होतं.

बुवांनी काही शाबासकी दिली नाही.

"सत्कार कशाबद्दल होता रे?"

"इन्सुलिनच्या रचनेवर काम केलं त्याबद्दल. रक्तातली साखर आटोक्यात ठेवतं ते."

"ते घडतं कसं?"

हा तर हणमंताच्या डाव्या हातचा मळ!

"अमिनो आम्लं एकापुढे एक जोडत आधी एकच लांब साखळी तयार होते. तिचा मधला भाग वळतो आणि दोन्ही टोकांकडचे भाग समोरासमोर आणून बसवतो. एकीकडे तीस आम्लं, दुसरीकडे एकवीस. मग त्यांच्यात गंधकाचे पूल बांधले जातात. जोडी पक्की!"

"मधला नसता तर?"

"ते दोघे एकमेकांना चुकतच राहिले असते. नीट जमणं कठीण."

"भला आहे बिचारा. मग पुढे?"

"पुढे तो कापला जातो."

बुवांचा अडकित्ता थांबला.

"आणि नाहीच कापला तर?"

"तर ते इन्सुलिन होतच नाही, बुवा. आहे तसंच अडकून राहतं. त्याच्या हातून काम जवळजवळ काहीच..."

हणमंताची नजर बुवांच्या हातातल्या अडकित्त्यावर गेली.

खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं...

"ऊठ. पाठ कर इकडे."

हणमंत उठून पाठमोरा उभा राहिला. नव्या कोटाची मागची चीर शिंप्याच्या पांढऱ्या कच्च्या टाक्यानं अजून बांधलेलीच होती. कोट अंगात घालायच्या आधी तो टाका काढायचा असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. सत्कारात तो तसाच मिरवून आला होता.

बुवांनी अडकित्त्यानं टाका तोडला. दोरा ओढून काढला आणि खाली टाकला.

काय झालं ते कळल्यावर हणमंताला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. या माणसानं आजवर एवढं दिलं, आणि वर आज ही मोकळीकही दिली, असं त्याला वाटलं.

"बुवा," तो म्हणाला, "तो कापलेला मधला तुकडा लगेच नाहीसा होत नाही. रक्तात फिरतो काही काळ. तो सापडला की डॉक्टर ओळखतात, इन्सुलिन याच शरीरात घडतंय. नुसतं बाहेरून टोचलेलं नाही."

"असं का..." बुवांचा आवाजही जरा ओलसर झाला.

हणमंतानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उद्याच्या गाडीनं निघतो."

उठताना त्यानं खाली पडलेला दोरा उचलला, बोटाला गुंडाळला आणि कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवला.

बुवा पाहत होते.

"ठेव," ते म्हणाले. "पण परत शिवू नकोस."