बांधील फोन आणि मोकळा फोन

फोन स्वस्तात विकून कंपन्या त्यांना आपल्याच सिमकार्डाशी बांधून ठेवीत, त्या काळची ही गोष्ट. यमुनाबाईंच्या घरी असा एक नवा, बांधील फोन होता. त्याच्याशेजारी पूर्ण किमतीला आणलेला जुना, मोकळा फोन पडलेला असे.

"तुझ्या कपाळावर कुणाचे नावच नाही. पोरका दिसतोस," बांधील फोन हिणवी. "माझ्यामागे अख्खी कंपनी उभी आहे."

"असेल बाबा," मोकळा म्हणे.

एका संध्याकाळी वादळाने त्या कंपनीचा टॉवर बंद पडला, वीजही गेली, आणि नेमकी तेव्हाच गोठ्यात म्हैस विताना अडली. शेजारच्या धोंडूतात्यांच्या फोनची बॅटरी संपली होती; त्यांनी त्यातले दुसऱ्या कंपनीचे कार्ड काढून दिले. यमुनाबाईंनी ते विश्वासाने नव्या फोनमध्ये घातले.

"हे कार्ड चालणार नाही," अशी अक्षरे त्याच्या तोंडावर उमटली. त्यांनी पुन्हा घातले. तीच अक्षरे.

"नवा ना गं हा?" तात्यांनी विचारले. म्हैस कण्हत होती.

मोकळ्या फोनने ते कार्ड निमूटपणे घेतले. पलीकडून गुरांचे डॉक्टर म्हणाले, "निघालोच. तोवर गोठ्यात उजेड ठेवा."

यमुनाबाईंनी बांधील फोनचा दिवा लावून त्याला गव्हाणीवर ठेवले. दिवा पाठीला असल्यामुळे त्याला पालथे ठेवावे लागले.

त्यालाही तेच हवे होते.