कोरड्या पायऱ्या

त्या मुलुखात जमीन रग्गड होती, पण कोरडी जमीन थोडी. उधाण आलं की खाडीचं पाणी आत शिरे आणि बिळंच्या बिळं बुडवून जाई. ज्याचा उंचवटा, त्याचीच काय ती चैन.

गेल्या उधाणात भिवरा घुशीची चार पिल्लं वाहून गेली होती. आता ती पुन्हा पोटुशी होती. या खेपेला एकही पिल्लू पाण्याला द्यायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं आणि गोंदाजी साळिंदराचा उंचवटा विकत घ्यायला काढला. दोन हंगामांचं धान्य तिने इसार म्हणून दिलं. उरलेलं ताबा घेताना द्यायचं होतं. गोंदाजीने चार खेकड्यांसमक्ष मान डोलावली. पण मोठं उधाण महिन्यावर आलं, उंचवट्यांचे भाव दुप्पट झाले आणि गोंदाजीची नियत फिरली.

"इसार कसला, वहिनी? मला वाटलं, तुम्ही सणाचं वाण पाठवलंत!"

भिवराच्या अंगाची लाही लाही झाली. ती तडक न्यायासनाकडे गेली.

न्यायासन म्हणजे मातीच्या तीन उंच पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एकेक करकोचा एका पायावर उभा. न्याय ओला होता कामा नये, म्हणून तिथे एक रिवाज होता: दोन्ही पक्षांनी दर तारखेला टोपलीभर माती पायरीवर आणून टाकायची. मातीही वादातल्याच जागेची. दुसरी चालत नसे.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, बाई," शेजारची कासवीण म्हणाली.

"शहाण्यांची पिल्लं बुडत नसतील, मावशी."

पहिल्या पायरीवर भिवरा जिंकली. गोंदाजीने लगेच दुसरीवर अपील केलं. तिथल्या करकोच्याने निरखून पाहिलं की साक्षीदार खेकडे तिरके चालतात. तेव्हा त्यांची साक्ष सरळ कशी मानायची? भिवरा हरली. मग ती तिसरी पायरी चढली. तोवर दोघांनाही चेव आला होता. आपली बाजू जड दिसावी म्हणून त्याने एक टोपली टाकली की ती दोन टाकी. एवढी माती गेल्यावर आता माघार कशी घ्यायची, असं दोघांनाही वाटे. दोन तारखांच्या मधे भिवराला पाच पिल्लं झाली, त्यांचे डोळे अजून उघडायचे होते.

उधाणाच्या दिवशी सकाळी निकाल लागला. करार खरा, ताबा भिवराचा, आणि सगळा खर्च गोंदाजीच्या डोक्यावर. भिवराला रडूच फुटलं. पिल्लांना मातीच्या रिकाम्या टोपलीत घालून ती आपल्या जागेवर पोचली.

तिथे उंचवटा नव्हता. खड्डा होता, आणि खाडीचं पाणी तिच्याआधीच तिथे येऊन बसलं होतं.

टोपली घेऊन ती तशीच उलट पावली पळाली. न्यायासनाच्या तिसऱ्या पायरीवर तिच्या उंचवट्यावरचा लव्हाळा आता छान रुजला होता. खालच्या पायरीशी कारकून खेकड्याने नांगी आडवी धरली.

"दावा असल्याशिवाय पायरीवर उभं राहता येत नाही."

"घाला दावा!"

"वादातली माती?"

भिवराने टोपली खाली ठेवून दोन्ही पंजे पुढे केले. नखांत अडकलेली माती कारकुनाने काळजीपूर्वक कोरून काढली आणि ढिगावर टाकली.

"दावा कुणावर?"

तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत आलं. गोंदाजी होता, गळ्यापर्यंत भिजलेला, काटे अंगाला चिकटलेले.

"माझ्यावर घाला, वहिनी," तो हात जोडून म्हणाला. "पाया पडतो. म्हणजे मलाही वर येता येईल."

कारकुनाने दोघांची नावं लिहून घेतली, पिल्लांचीही वारस म्हणून लिहिली, आणि पुढच्या उधाणाची तारीख दिली.