निवाड्याची दुसरी प्रत

शेजारच्या राजाने सीमेवरचं एक गाव जाळलं, तेव्हा भैरवसेन राजाने त्याची तीन गावं जाळायचं ठरवलं.

"हे न्याय्य आहे असं लिहून द्या, शास्त्रीबुवा," तो न्यायाधीशांवर गरजला. हातात नंगी तलवार होती. दरबार भीतीने गारठला.

शास्त्रीबुवांनी लिहिलं, 'ज्याचं एक गाव जळालं, त्याने दुसऱ्याची तीन जाळणं न्याय्य आहे.' मग त्यांनी दुसरा कागद ओढला.

"हा कशाला?"

"रिवाजाप्रमाणे निवाड्याची एक प्रत समोरच्या पक्षाला जाते, महाराज. त्यांची तीन जळाली, की आपली नऊ जाळायला त्यांनाही हाच निवाडा लागू पडेल."

राजाने बोटांवर आपली गावं मोजली. आठच उरली होती. नववी जळणार ती राजधानी.

त्याने दोन्ही कागद फाडले.