तोळाभर कापूस आणि राजांचा झुरका

"नळीत कापूस तोळाभर म्हणजे तोळाभरच! एक तंतू कमी चालणार नाही. आणि उद्या वाफ करपली, तर दस्तगीर, तुझी पिंजायची कमान जप्त."

राजे रणधवलांचा हा हुकूम ऐकून दस्तगीर पिंजारी पांढराफटक पडून नळीसकट घरी आला. राजांना नवा नाद लागला होता. चांदीची नळी, तळाशी गुलाब-वेलचीचा अर्क, वर तापत्या तारेचं वेटोळं. वेटोळ्यातला कापूस अर्क वर शोषून घ्यायचा, तार तो उकळायची आणि राजे सुगंधी वाफ ओढायचे. कापूस जास्त तर वाफ जास्त, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून सगळा तोळा वेटोळ्यात ठासायला लावलेला. आता वाफेऐवजी जळक्या चिंधीचा धूर यायचा आणि राजे खोकत खोकत हुकूम सोडायचे. त्या खोकल्यात ते 'सोडा' म्हणाले की 'झोडा', तेच कळेना. काल एक बिचारा फटके खाता खाता वाचला होता.

दस्तगीरची लेक जैतुन हे ऐकून हसत सुटली. मग तिने नळीतला कापूस उपसून काढला.

"अब्बा, इतक्या दाटीतून अर्क वर चढेल कसा?"

तिने तंतू विंचरून सरळ केले. वेटोळ्यातून अलगद सरकेल एवढीच वात ओवली आणि उरलेल्या कापसाच्या लांब शेपट्या खाली अर्कात सोडल्या.

सकाळी बापलेक नळी घेऊन दरबारात गेले. राजांनी झुरका घेतला. गुलाबाचा ढग उठला! राजे खुशीत आले. दुसरा झुरका, लगेच तिसरा, लगेच चौथा, आणि ठसका.

"करपली! कमान आणा याची."

दस्तगीरने डोळे मिटले. जैतुन पुढे झाली.

"महाराज, कापूस तोळाभरच आहे, तोलून बघा. मावेल तेवढा वेटोळ्यात, बाकीचा अर्कात पाय सोडून बसलाय. पण अर्क वर पोचायच्या आत आपण पुढचा झुरका घेता. मग कोरडा कापूस जळणारच. मधे जरा थांबावं लागेल."

राजांनी नळी खाली ठेवली.

"राजा कुणासाठी थांबत नसतो, पोरी."

"आपण कशाला थांबता? दर झुरक्यानंतर एका गाऱ्हाण्याचा निवाडा करा. थांबेल तो कापूस. महाराज राज्य करत असतील."

राजांच्या मिशा हलल्या. "बरं. पहिलं गाऱ्हाणं कुणाचं?"

"माझंच. माझ्या बापाची कमान."

"कमान त्याचीच. झालं?" राजांनी झुरका घेतला. गोड, गार, गुलाबी!

दुपारपर्यंत एकोणीस निवाडे झाले. दोन वर्षं भांडणारे दोन भाऊ गळ्यात गळे घालून घरी गेले. राजांनी जैतुनला जरीचा शालू दिला, वर सिंहासनाशेजारी चौरंग मांडून दिला. "इथं बस. कापूस भिजला की सांग."

जरा वेळाने त्यांनी हळूच नळी उचलली. "ओढू का गं?"

जैतुनने नळीत डोकावून पाहिलं. "अजून एक निवाडा, महाराज."

राजे असे खदखदून हसले की नाकातोंडातून उरलीसुरली वाफ बाहेर पडली, आणि पुढच्या फिर्यादीला त्यांनी स्वतःच हाक मारली.