हवेतली दोनशे माणसं

विमानं सुखरूप उतरवायला शिकवणारा एक संगणक-खेळ शाल्मलीने दोन वर्षं खपून बनवला होता. प्रशिक्षण केंद्रात तो वापरायचा, तर संचालक रांगणेकरसाहेबांची सही हवी होती.

“पोरखेळ नुसता! यात खरं काय वाटणार?” साहेब म्हणाले.

“पाच मिनिटं खेळा, मग नाही म्हणा.”

साहेब ऐटीत बसले. चौथ्या मिनिटाला दोन विमानं एकाच धावपट्टीकडे निघाली आणि साहेबांना घाम फुटला. तेवढ्यात शाल्मलीने टेबलावरचा फोन उचलला.

“साहेब, मंत्रिसाहेब बोलतायत.”

“थांबा म्हणावं त्यांना! इथे दोनशे माणसं हवेत आहेत!”

शाल्मलीने फोन ठेवला आणि कागद पुढे सरकवला. “फोन वाजलाच नव्हता, साहेब. पण पोरखेळासाठी मंत्र्याला थांबवणारा अधिकारी अजून जन्माला यायचाय. सही इथे करा.”