सर्जेरावाची अमेरिकन गाडी

पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात सर्जेराव चौगुले नावाचा एक भोळा माणूस राहत होता. गावात तसे भोळे पुष्कळ होते. आम्हीही त्यातलेच. पण आम्ही सांगितलेलं काम करायचोच नाही, त्यामुळे आमचा भोळेपणा झाकून राहिला. सर्जेराव सांगितलेलं काम करायचा, आणि सांगितलं अगदी तस्संच करायचा. त्यामुळे त्याचं नाव पंचक्रोशीत झालं.

त्याची बायको आनंदी शहाणी होती. एकुलती एक मुलगी वैजयंता, ती आईवर गेली होती. वैजूचं लग्न ठरलं तेव्हा घरात कामं वाटली गेली. मांडव भावकीकडं, जेवण मामाकडं, वाजंत्री चुलत्याकडं. सर्जेरावाला कुणी काहीच दिलं नाही. तो उंबऱ्यावर बसून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत राहिला.

वैजूला ते बघवेना. ती म्हणाली, "आबा, तुमीबी एक काम करा. एकच. पन धड करा."

"कंचं?"

"मला मोटारीतनं सासरी पोचवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जानार न्हाई मी."

सर्जेरावाचे डोळे भरून आले. आजवर लोक त्याच्याकडून कामं काढून घेत आले होते. आपणहून कुणी काम दिलं नव्हतं. प्राण गेला तरी हे एक काम धड करायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि पायात पायताण घालून तो मोटार आणायला निघाला.

त्याला ठाऊक असलेली मोटार एकच होती. नदीपलीकडं डॉक्टर शिर्क्यांचा मळा होता. डॉक्टर तरुणपणी अमेरिकेत होते. येताना त्यांनी बोटीतून एक गाडी आणली होती. लांब नाक, दोनच दारं, मागचा भाग उचललेला. गेली पंधरा वर्षं ती गोठ्यात उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "हिला तिकडं मसल कार म्हणतात. आठ सिलिंडर. अंगात ताकद बघ किती आहे."

सर्जेरावानं ताकद बघायला मडगार्ड दाबलं. मडगार्ड हातात आलं. ते त्यानं नम्रपणे डॉक्टरांकडं परत दिलं.

"घेऊन जा बाबा," डॉक्टर म्हणाले. "फुकट ने. गोठा तरी मोकळा होईल."

पण सर्जेराव असा फसणारा नव्हता. गेल्या वर्षी त्यानं बाजारातून एका डोळ्यानं आंधळा बैल आणला होता. तेव्हा आनंदीनं बजावलं होतं, "घेताना तोंड उघडून दात मोजावं, चालवून बगावं, आनि सौदा रुमालाखाली करावा." सर्जेरावानं ते ध्यानात ठेवलं होतं.

त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत बघून प्लग मोजले. आठ भरले. "आठ दाती. पुरी जुळलीया," भरात आलेल्या बैलाबद्दल बोलावं तसं तो समाधानानं म्हणाला. मग त्यानं तिला चालवून बघितली, म्हणजे चार गड्यांनी ढकलली आणि तो बाजूनं चालला. मग खांद्यावरचा टॉवेल डॉक्टरांच्या हातावर टाकून त्यानं खालून हात घातला. बैलबाजारात बोटं दाबून किंमत सांगतात. डॉक्टरांना फुकट कसं सांगायचं ते कळेना. त्यांनी मूठ मिटली.

सर्जेरावानं मूठ चाचपली. बराच वेळ विचार केला. "सायेब, वाईच कमी करा," तो म्हणाला.

"अरे, याच्यापेक्षा कमी काय करू?"

"मग ऱ्हाऊ द्या. तुमचं बी न्हाई, माजं बी न्हाई."

शेवटी डॉक्टरांनी वर एक जास्तीचं चाक दिलं, तेव्हा सौदा पटला. बैल जोडून गाडी घरी आली. दात मोजल्याचं ऐकून आनंदीनं कपाळाला हात लावला.

"अवो, त्ये बैलाचं हुतं!"

सर्जेरावानंही कपाळावर थाप मारली. "मी येडा त्यो येडाच. फुडच्या येळंला ध्यानात ठिवतो."

आणि सर्जेरावाचं एक होतं. ध्यानात ठेवतो म्हटलं की तो ठेवायचा.

गाडी दुरुस्त करायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले बाबालाल मिस्त्री आले. लोखंडाची कुठलीही वस्तू द्या, मिस्त्री ती चालती करत. त्यांना सोमवारी सुट्टी असे. दर सोमवारी ते यायचे, काम करायचे आणि आठवडाभराचं काम सर्जेरावाला सांगून जायचे.

पहिल्या सोमवारी त्यांनी इंजिन खोललं आणि नटबोल्ट सर्जेरावाच्या हातात दिले. त्यानं ते सदऱ्याच्या खिशात टाकले. खिसा फाटका होता. पुढच्या सोमवारी मिस्त्री आले तेव्हा अर्धे बोल्ट देवळाच्या वाटेवर सापडले आणि अर्धे सापडलेच नाहीत.

"अवो सर्जेराव, खोलल्याली वस्तू खिशात ठेवत्यात व्हय? रॉकेलच्या पिपात बुडवून ठेवायची. गंज बी जातोय आनि हरवत बी न्हाई."

"मी येडा त्यो येडाच. फुडच्या येळंला ध्यानात ठिवतो."

मिस्त्री गेले. त्या आठवड्यात सर्जेरावानं स्वतः होऊन गाडीच्या गाद्या खोलल्या. रेडिओ खोलला. समोरचं घड्याळ खोललं. खोललेली प्रत्येक वस्तू रॉकेलच्या पिंपात बुडवली. गाद्या वर येत होत्या, तर त्यांच्यावर जात्याची तळी ठेवली.

तिसऱ्या सोमवारी मिस्त्रींनी पिंपातून रेडिओ वर काढला. आतून रॉकेल गळत होतं.

"आरं देवा! रेडू गेला! आनि गादी कुनी रॉकेलात घालतंय काय? भिजल्याली वस्तू उन्हात टाकायची. दिसभर. दर घटकंला पाठपोट करायची, मग वाळती."

"असं व्हय? माज्या टकुऱ्यातच गंज बसलाय बगा. फुडच्या येळंला ध्यानात ठिवतो."

गाद्या वाळल्या, पण वास काही गेला नाही. मग मिस्त्रींनी बॉनेट काढून त्याला लालभडक रंग मारला. आरशासारखं चकचकीत बॉनेट झालं. वैजूनं त्यात वाकून आपलं कुंकू बघितलं आणि ती हसली. मिस्त्री जाता जाता म्हणाले, "वलं हाय, संबाळा."

ओलं आहे म्हटल्यावर सर्जेरावानं ते उचललं आणि उन्हात नेलं. ऊन सगळ्यात चांगलं खळ्यावर पडत होतं आणि खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. त्यानं बॉनेट खळ्यात ठेवलं आणि दर घटकेला पाठपोट केलं.

सोमवारी मिस्त्री आले. बॉनेटवर शेर-दोन शेर ज्वारी आणि सगळा भुसा चिकटला होता. चार कोंबड्या वर चढून दाणे टिपत होत्या. मिस्त्रींनी एक दाणा नखानं उपटला, बघितला आणि टाकून दिला.

"सर्जेराव," ते हळू आवाजात म्हणाले, "रंग लागल्याल्या वस्तूला ऊन दावायचं न्हाई. वारं लागू द्यायचं न्हाई. हात लावायचा न्हाई. बंद खोलीत कोंडायची आनि रंग वाळंस्तवर दार उगडायचं न्हाई. कुनी कितीबी वरडू द्या."

"माजी अक्कल पेंडंत मिसळून म्हशीला घातली पायजे मिस्त्री. फुडच्या येळंला ध्यानात ठिवतो."

मिस्त्रींनी बॉनेट खरवडून पुन्हा रंगवलं. ते आपल्या हातानं गाडीवर बसवलं आणि सर्जेरावाला गाडीला बोटही लावू नका अशी तंबी दिली. त्यानं लावलं नाही.

पण दुसऱ्याच दिवशी वैजूचे होणारे सासरे, हिंदुराव इंगवले, गाडी बघायला आले. पांढरं शुभ्र धोतर, डोक्याला फेटा. चालून दमले होते. "झ्याक हाय की गाडी," म्हणाले आणि बॉनेटला टेकले. उठले तेव्हा धोतराची मागची बाजू लाल झाली होती.

सर्जेरावानं बघितलं. रंग लागलेला होता आणि ओला होता.

"या व्याही, आत या," म्हणत त्यानं त्यांना धान्याच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

हिंदुराव आधी हसले. मग ओरडले. मग त्यांनी दारावर लाथा मारल्या. सर्जेराव बाहेर शांत बसून होता. कुणी कितीबी ओरडू द्या, हे त्याला पाठ होतं. दिवस मावळायला आनंदी बाजारातून आली आणि तिनं कडी काढली. हिंदुराव भुईमुगाच्या शेंगा खाऊन बसले होते. रंग मात्र वाळला होता.

"पोरगी गुनाची हाय म्हनून लगीन मोडत न्हाई," हिंदुराव फेटा सावरत म्हणाले. "पन सांगून ठेवतो. वरात आमच्या येशीत येळंवर आली पायजे. त्यात कायबी इपरीत झालं, तर आमचं तुमचं तोंड बगनं बंद."

ते गेले. आनंदी शेंगांची टरफलं झाडायला लागली. तिनं बोलावं असं सर्जेरावाला फार वाटत होतं. वैजू चहा घेऊन आली आणि त्याच्याजवळ बसली.

"आबा, जमंल न्हवं?"

सर्जेरावाला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. "जमंल पोरी," तो म्हणाला. "आता मिस्त्री म्हनत्याल त्याच्या भायेर एक पाऊल टाकत न्हाई."

पाचव्या सोमवारी गाडी सुरू झाली. आठ सिलिंडरचा असा दणका उठला की गोठ्यातल्या म्हशींनी दावी तोडली आणि देवळातले भजनी मृदंग टाकून बाहेर आले. सगळा गाव नाचला. मिस्त्री म्हणाले, "तासभर चालू ऱ्हाऊ द्या, मी जेवून येतो."

मिस्त्री गेले आणि त्यांनी बसवलेलं इंजिनाच्या पंख्याचं नवीन बेअरिंग रडायला लागलं. कुई कुई कुई. सर्जेरावानं ऐकलं. पण गाडीला बोट लावायचं नाही असं ठरलेलं होतं. तो हात मागं बांधून उभा राहिला. मिस्त्री हात धुऊन आले तेव्हा बेअरिंगमधून धूर येत होता.

मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते जमिनीवर बसले. "सर्जेराव, आता ह्ये शेवटचं सांगतो. नवीन वस्तू नवीन जागी बसवली की कान देऊन ऐकायचं. रडल्यागत आवाज आला की समजायचं, ती तितं बसली न्हाई. जबरदस्ती करायची न्हाई. तवाच उचलायची आनि जितनं आनली तितं नेऊन द्यायची. गप असंल त्या वस्तूला हात लावायचा न्हाई."

"मी येडा त्यो येडाच," सर्जेराव कळवळून म्हणाला. "पन ह्ये ध्यानात ठिवतो मिस्त्री. वैजूची आन."

मिस्त्रींनी दुसरं बेअरिंग बसवलं. ते बसलं. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली.

लग्न थाटात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, कुणाचं काही अडलं नाही. निघायच्या वेळी सर्जेरावानं मांडवापुढं ती लालभडक गाडी आणून लावली तेव्हा माणसं बघतच राहिली. ट्रॅक्टर चालवून त्याचा हात बसलेला होता. बाबालाल मिस्त्रींनी फडक्यानं काच पुसली आणि त्याच फडक्यानं डोळे पुसले. आनंदी त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "आज जितलासा बगा." दोघांच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं.

मागच्या सीटवर वैजू आणि जावई प्रतापराव बसले. पाठराखीण आणि वऱ्हाड मागून टेम्पोत येणार होतं. सर्जेरावानं जरा पाय दाबला आणि टेम्पो कुठल्या कुठं मागं राहिला. वाटेत कुठं धक्का नाही, धूर नाही, इपरीत काही नाही. ठरल्या वेळेच्या आधीच गाडी इंगवल्यांच्या वेशीत आली. लग्न लागताच पुढं निघून आलेले हिंदुराव पलीकडच्या वळणावर बँड घेऊन थांबले होते. भाकरतुकडा ओवाळायला बायका ताट घेऊन उभ्या होत्या.

वेशीवरच्या मारुतीला नवऱ्यामुलानं नारळ फोडायचा असतो. दारं दोनच. पुढची सीट वाकवून मागच्यानं बाहेर यायचं. शालू सांभाळत वैजूला ते जमेना, म्हणून जावई एकटेच उतरले आणि देवळात गेले.

वैजूनं काचेतून बाहेर बघितलं. घरं अनोळखी, माणसं अनोळखी. वळणावरून बँड वाजायला लागला. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिला हुंदका फुटला.

सर्जेरावानं कान दिला.

"वैजू, काय झालं गं?"

"काय न्हाई आबा," म्हणत ती आणखीच रडायला लागली.

पण आज सर्जेराव गोंधळला नाही. जागा नवीन होती. आवाज रडल्यासारखा येत होता. जबरदस्ती करायची नव्हती. त्यानं गाडी मागं घेतली, वळवली आणि आल्या वाटेनं सोडली.

वैजूनं डोळे पुसून बघितलं तेव्हा वेस दिसेनाशी झाली होती. "आबा, थांबा! आवो आबा!" ती ओरडली आणि मोठ्यानं रडायला लागली. आवाज वाढला म्हटल्यावर सर्जेरावानं पाय आणखी दाबला. समोरून वऱ्हाडाचा टेम्पो आला आणि गेला. आतल्यांनी हात केले, सर्जेरावानंही केला.

आनंदी नुकतीच कुठं अंगणात टेकली होती. लाल गाडी मांडवापुढं येऊन थांबली. सर्जेराव उतरला, त्यानं सीट वाकवली आणि शालूसकट वैजूला हळूच बाहेर काढून आईपुढं उभी केली.

"अवो, हिला परत का आनली?" आनंदी किंचाळली.

"आवाज येत हुता," सर्जेराव म्हणाला. "बसली न्हाई तितं. जितनं न्हेली तितं आनून दिली."

आनंदीनं गाडीत वाकून बघितलं. मागची सीट रिकामी होती.

"आनि जावई? जावई कुटं हाईत?"

"त्येंचा काय बी आवाज न्हवता," सर्जेराव म्हणाला. "त्ये चांगलं बसल्यात. त्यांना तितंच ठिवून आलो."