पाटीवरची बोटं

वर्गात काय चाललंय हे खरं जाणायचं असेल, तर विश्वास कुणावर ठेवाल, सांगा बरं? शिकवणाऱ्यावर? गाणाऱ्या पोरांवर? की ठार बहिऱ्या म्हाताऱ्यावर?

मी पाट्या, खडू, लेझीम विकणारा माणूस. अठ्ठावीस शाळांना माल देतो, आणि स्वतः चौथीतून पळालेला. त्या दिवशी सिद्राम कोष्टीच्या वस्तीशाळेत नवी खंजिरी पोचवायला गेलो, तर दारातच त्याचा प्रश्न कानावर आला.

"गुरुजी, सांगा ना, कसा वाटला वर्ग?"

समोर पिरजादे गुरुजी. याच शाळेत त्यांनी सिद्रामला शिकवलेलं. आता ऐंशीचे. दोन्ही कान गेलेले, बोलणाऱ्याच्या ओठांवरून शब्द ओळखायचे.

"अजून ऐकला कुठंय?" गुरुजी म्हणाले.

सिद्रामनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. बहिरा म्हणतोय, ऐकला कुठंय.

"परवा तालुक्यातले सत्तर शिक्षक हा वर्ग बघायला येणार, गुरुजी. तुम्ही हो म्हणा. मग सत्तर शाळांत हीच रीत जाईल."

"कसली रीत?"

"गाण्याची. तुमच्या काळी छडी होती. मी ती चुलीत घातली. पाढा, कविता, नकाशा... सगळं गात-नाचत."

गुरुजींनी छडी धरणाऱ्या आपल्या उजव्या तळहाताकडे बघितलं. 

"गाऊ दे," ते म्हणाले.

सतराचा पाढा सुरू झाला. काय चाल बांधली होती पठ्ठ्यानं! माझे पाय आपोआप हलायला लागले. एकतीस पोरं बसकरपट्टीवर उभी राहून हातवारे करत होती. पुढे मध्यभागी कस्तुरा नावाची पोर. मान काय, बोटं काय, एक हातवारा चुकत नव्हता.

"ही आमची पहिली," सिद्राम माझ्या कानात म्हणाला. "परवा हिलाच पुढं ठेवणार."

मध्येच मागचं एक पोर 'सतरा त्रिक'ला चुकलं. सिद्राम थांबला. हसतच, रोजच्या सवयीनं, त्यानं माझ्या हातातली खंजिरी घेतली आणि त्या पोराला दिली.

"चला राजे, आता तुम्ही एकटे. बाकीच्यांनी टाळ्या!"

टाळ्या पडल्या. पोर गायलं. कसं गायलं ते सांगत नाही. चौथीत एकदा मीही तसाच उभा होतो.

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. एकतीस पोरं, बासष्ट डोळे, आणि एकही डोळा फळ्यावर नव्हता. सगळे त्या खंजिरीवर. ती डावीकडे गेली की डावीकडे, उजवीकडे आली की उजवीकडे... सापाकडे बघावं तसे.

माझाच माल. माझ्याच हातानं आणलेला.

"पाट्या छातीशी धरा," गुरुजी एकदम म्हणाले. "आणि पुन्हा गा."

पोरांनी पाट्या छातीशी धरल्या. गुरुजी ओळीतून निघाले. प्रत्येक पाटीच्या वरच्या कडेवर दोन बोटं टेकवायचे, थांबायचे, पुढं जायचे.

"ही गातेय... हा गातोय... ह्याच्या पाटीत तर भुंगा कोंडलाय." पोरं खुदकन हसली.

मग कस्तुरा.

बोटं टेकली. ओठ हलत होते, मान डोलत होती. गुरुजी थांबले. थांबूनच राहिले.

"सिद्राम, इकडं ये. ठेव बोटं."

सिद्रामनं ठेवली.

"थरथरतेय की, गुरुजी."

"थरथरतेय. सुरानं का?"

गाणं आपोआप बंद पडलं. तरी कस्तुराची पाटी थरथरतच होती. लाकडी चौकट तिच्या फ्रॉकच्या बटणावर टकटक वाजत होती... तेवढाच आवाज वर्गात.

"कशाला भितेस, माय?" गुरुजींनी विचारलं.

तिची नजर खंजिरीवर.

सिद्रामचा चेहरा उतरला. "पण गुरुजी, मी कधी कुणावर हात उगारला नाही. शप्पथ."

"माझी छडी दिसायची, बाबा. पोरं घरी जाऊन आईला वळ दाखवायची. हिनं काय दाखवायचं?"



गुरुजींनी त्या मागच्या पोराच्या हातातली खंजिरी घेतली आणि सिद्रामच्या हातात दिली. दुसऱ्या हाताची बोटं पुन्हा कस्तुराच्या पाटीवर टेकली.

"सतराचा पाढा. एकट्यानं. बाकीच्यांनी टाळ्या."

"मी?"

"तू."

सिद्राम हसला. मग हसू मावळलं. त्यानं खंजिरी उचलली.

"सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस... सतरा त्रिक एक्कावन्न..."

चाल त्याचीच. पोरं त्याचीच. पण एकही टाळी पडेना. एकतीस पोरं टक लावून बघत होती, आणि खंजिरीच्या चकत्या आपोआप किणकिणायला लागल्या होत्या.

"सतरा चोक अडुसष्ट... सतरा पाचे..."

तो तिथंच अडला.

"सतरा पाचे..."

मी खाली बघितलं. मला बघवेना.

"पंच्याऐंशी, सर."

इतकं हळू, की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल. कस्तुरा होती. हात पुढे करून ती खंजिरी मागत होती.

"द्या, सर. तुमच्या बदली मी म्हणते."

ऐकायला गुरुजींना कान नव्हतेच. पण पाटीवरची बोटं तिच्या आवाजानं हलली, आणि त्यांनी डोळे मिटले.

सिद्राम मटकन खाली बसला. पोरांच्या ओळीत, बसकरपट्टीवर. खंजिरी मांडीवर.

"गुरुजी... परवा काय दाखवू?"

गुरुजींनी एक कोरी पाटी उचलून त्याच्या छातीशी धरली. कडेवर बोटं टेकवली. थांबले...

"रोज शाळा सुटताना बोटं ठेवत जा. किती गातात, किती भितात, लिहून ठेव. परवा तेच दाखव. भिणाऱ्यांत पहिलं नाव तुझं. आणि सिद्राम, हिशेब खरा ठेव."